उंच केलेल्या जीपचे स्टिअरिंग का भरकटते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमा व घोड नद्यांच्या काठची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या वाटांवर चाकोऱ्या इतक्या खोल होतात, की जीपचे पोट मातीला टेकते. त्यावर उपाय म्हणून काही जीपमालक कमानपाट्यांचे शॅकल लांब करून आणि मोठे टायर चढवून गाडी दोन-तीन इंच उंच करून घेतात. शेतात हा उपाय चालतो. मात्र तीच गाडी पुणे-सोलापूर महामार्गावर आली, की साठच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके अकस्मात थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

याचे मूळ एका कोनात आहे. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरपा असतो, म्हणून हात सैल सोडले तरी ती सरळ धावते. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा माथा असाच सुमारे ३ अंश मागे कललेला असतो. यालाच कॅस्टर म्हणतात. पुढचे शॅकल लांब केले, की ॲक्सल फिरून हा कोन कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य दिशेने लोखंडी पाचर बसविल्यास कोन पूर्ववत करता येतो. पाचर उलटी बसली तर दोष दुणावतो, हे सांगावयास नकोच.

दुसरा दोष ड्रॅग लिंकचा. स्टिअरिंग बॉक्स चासीवर, तर चाके ॲक्सलवर. चासी उचलली, की दोघांना जोडणारी ही दांडी तिरपी होते आणि प्रत्येक खड्ड्याला चाक आपणहून थोडे वळते. खाली झुकलेला पिटमन आर्म बसवून दांडी पुन्हा आडवी करणे हा त्यावरचा मार्ग.

थरथर थांबविण्यासाठी स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होण्याची घाई मात्र नको. तो दुखणे झाकतो, बरे करीत नाही. आधी टायरमधील हवा व बॅलन्सिंग पाहावे. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवावे. खडखड जाणवल्यास किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग संशयित. आडवे हलविल्यावर जाणवल्यास टाय रॉडचे सांधे तपासावेत. शेवटी टो-इन मोजून घ्यावे.

२०२० नंतरच्या थारला पुढे कमानपाटेच नाहीत. प्रत्येक चाकाची जोडणी स्वतंत्र आहे. त्यामुळे जुन्या जीपचे हे उपाय तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते.