पृथ्वीप्रदक्षिणेहून मोठे पन्नास किलोमीटर

बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूर साधारण 50 किलोमीटर. सराव असलेला सायकलस्वार एवढे अंतर एका सकाळीत कापतो. हा तुकोबारायांच्या पालखीचा मार्ग. आता त्यावर एक हजार सायकली सोडा. सगळ्यांचे मिळून 50,000 किलोमीटर होतात. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर आहे 40,075. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला, तर दोन हजार चाकांचे त्या एका दिवसात पावणेपाच कोटी फेरे होतात.

नाशिकहून 2012 पासून पंढरपूरला सायकलवारी जाते. तिचे पाहून आपल्याही गावची वारी काढावी असे अनेकांना वाटते, आणि वाटावेच. मात्र निघण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवे.

दोन-दोनच्या रांगेत, सुरक्षित अंतर ठेवून हजार सायकली चालल्या तर रांग अडीच किलोमीटरची होते. ही रांग फार वेळ टिकत नाही. ताशी 22 किलोमीटरने जाणारा सव्वादोन तासांत इंदापुरात पोचतो, तेव्हा ताशी 12 ने येणारा जेमतेम 27 किलोमीटरवर असतो. म्हणजे ताफा 23 किलोमीटरभर पसरला! बारामतीपासून पंधराएक किलोमीटरवरच्या भवानीनगरच्या चौकात पहिला आणि शेवटचा यांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडते. एक रुग्णवाहिका आणि एक पंक्चरवाला कुठे कुठे पुरणार?

पंक्चरचेच बघा. दर 500 किलोमीटरला एक, असे उदार गणित धरले तरी दिवसाला शंभर. एकाला पंधरा मिनिटे म्हणजे पंचवीस तासांचे काम. त्यात इंदापूर तालुक्यात रस्त्याकडेला वेडी बाभूळ. तिचा काटा कुठलेही गणित जुमानत नाही.

खरी परीक्षा मुक्कामी असते. माणशी पाच चपात्या म्हटल्या तर पाच हजार चपात्या, पावणेदोनशे किलो कणीक. दहा जणींनी मिनिटाला एकेक चपाती केली तरी सव्वाआठ तास. अंघोळीला माणशी एक बादली, म्हणजे पंधरा हजार लिटर, पाच हजारी टँकरच्या तीन खेपा. आणि ज्याबद्दल आयोजक सर्वांत उशिरा बोलतात ते शौचालय: वीस असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे लागली, तर पहाटे चारला सुरू झालेली रांग सव्वाआठला संपते. सहाला निघायचे ठरलेले असते! पन्नास शौचालये असली की तेच काम शंभर मिनिटांत उरकते. बाकी कशातही काटकसर करा, इथे करू नका.

अमेरिकेत आयोवा राज्यात 1973 पासून रॅगब्राय ही आठवडाभराची सायकलफेरी छोट्या गावांतून जाते, हजारो जण येतात. पण आपल्याला एवढ्या लांब बघायची गरज नाही. 1685 साली तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला. आज काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण, पुढे भवानीनगर, सणसर, मग बेलवडीत अश्वांचे रिंगण, अशी ही वाट लाखो पावलांना सामावून घेते. हे जमते ते दिंड्यांमुळे. प्रत्येक दिंडीला क्रमांक, आपला ट्रक, आपली राहुटी, आपली चूल.

हजार सायकलींच्या पंचवीस-पंचवीसच्या चाळीस दिंड्या करून बघा. एका दिंडीला सव्वाशे चपात्या, दोन-तीन पंक्चर, अंघोळीला पावणेचारशे लिटर पाणी. हे एखाद्या वस्तीवरचे दोन-तीन उंबरे मिळून सहज पेलतात. पिशवीवर दिंडी क्रमांक लिहिला की सामानाचा गोंधळही मिटतो. नाहीतर हजार पिशव्या एकेक करून वाटायच्या, दहा सेकंदाला एक, म्हणजे पावणेतीन तास.

तारीखही विचारपूर्वक धरा. थंडीत हवा छान, पण तेव्हाच भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा गळीत हंगाम असतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्याला येतात. अंधारात, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीमागून सायकल चालवणे जिवावरचे आहे. आषाढात पाऊस भिजवतो, पण कारखाना बंद असतो. मी आषाढ निवडेन, आणि प्रत्येक दिंडीच्या शेवटच्या सायकलीला लाल दिवा सक्तीचा करेन.