कॅप्सूल छोटी, पाणी मात्र पेलाभर

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून वाट काढत घरी यावे लागले, की मुंबईकराला ‘लेप्टो’ची धास्ती वाटते. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहराने या आजाराचा तडाखा अनुभवला. अशा पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे मुंबई महापालिका सांगत असते. गरज असेल तर डॉक्टर बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून देतात.

हे औषध जुने, स्वस्त आणि गुणकारी आहे. मात्र ते कसे घ्यायचे, हे नीट समजून घ्यायला हवे.

नेहमी होणारी चूक अशी : रात्री अंथरुणावर बसून घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायची आणि लगेच आडवे व्हायचे. आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. झोपल्यावर लाळ कमी सुटते, गिळणेही कमी होते. त्यामुळे कॅप्सूल मध्येच चिकटून तिथेच विरघळू शकते. डॉक्सिसायक्लिनचे द्रावण आम्लधर्मी असते. ते एकाच जागी साचले, की आतले नाजूक अस्तर भाजल्यासारखे होऊन व्रण पडतो. मग छातीच्या मधोमध जळजळ होते, घास उतरताना कळ येते. असे झाल्यास पुढची कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणे अंगावर काढू नये.

ते टाळणे सोपे आहे. बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर कॅप्सूल घ्या. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, आडवे होऊ नका. रात्रीची मात्रा झोपण्याच्या वेळी न घेता जेवणाबरोबरच घ्यावी. पोटात अन्न असले, की मळमळही कमी होते.

छातीत जळजळते म्हणून अनेक जण स्वतःच ॲसिडिटीचे औषध घेतात. इथे दुसरी चूक होते. त्यातले ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम या प्रतिजैविकाला बांधून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. लोह, कॅल्शियम, झिंक यांच्या गोळ्यांचेही तेच. त्यामुळे या औषधांमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारून घ्या. निदान दोन-तीन तास तरी हवेच. वरण-भात, पोळी-भाजी चालते. दुधाबरोबर मात्र कॅप्सूल घेऊ नये.

या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. पावसाळ्यातही ऊन पडले, तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

गर्भवती, स्तनदा माता, आठ वर्षांखालील मुले, तसेच रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांच्याबाबत डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असेल, तर तेही सांगा. औषध घेतल्यावर चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर तडक रुग्णालय गाठा. तीव्र डोकेदुखीबरोबर अंधुक दिसू लागले किंवा जुलाबातून रक्त पडले, तरी डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको.

एखादी मात्रा विसरली, तर आठवताच घ्या. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. एकदम दोन घेऊ नका. बरे वाटले म्हणून परस्पर औषध बंद करू नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. प्रतिजैविकांच्या पाकिटावर असलेली लाल रेघ हेच सांगते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचे नाही.