दारोदार फिरून भरणारी शाळा

तालुक्याच्या गावात उन्हाळ्यातच नर्सरीच्या जाहिराती झळकू लागतात: इंग्रजी माध्यम, गणवेश, व्हॅन. अंगणवाडीची जाहिरात नसते. सेविकाताई स्वतःच घरोघरी सर्वेक्षण करतात. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुणाचं मूल तीन वर्षांचं झालं, हे त्यांच्या वहीत असतं. फी नाही, मुलाखत नाही. मूल वयात बसलं की नाव पटावर.

ही दारापर्यंत जाण्याची रीत जुनी आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली आणि अंगणात भरू लागली. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे कुठून येणार? शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच मोजणी आणि रंगओळख चाले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. मोठी बहीण शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, याचं उत्तर या दोघींनी मुलाच्या घरी जाऊन शोधलं. पट वाढवण्याचा याहून खरा मार्ग मला माहीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोचली. पण तिच्यावर लसीकरण, वजन-उंची, पोषण आहार, गरोदर मातांची नोंद असं सगळंच आलं. सकाळी मुलं गोल करून बडबडगीत म्हणत असतात. इतक्यात कुणी आई तान्ह्याला घेऊन वजनाला येते. ताई उठतात, बाळाला काट्याच्या झोळीत ठेवतात, आकडा मोबाईलवर भरतात. तोवर गोल मोडलेला असतो. मदतनीस आत खिचडीत अडकलेली.

लहान गावात गळती होते ती नेमकी तिसऱ्या वर्षी. तोवर लस, वजन आणि घरपोच शिध्यासाठी येणारं कुटुंब, जरा ऐपत असली की, नर्सरीकडे वळतं. त्यांना दोष देववत नाही. त्यांना शिकवणं दिसायला हवं असतं. पण तक्रार घेऊन नगरपरिषदेत जाऊ शकणारे पालकच असे निघून गेले, तर अंगणवाडीच्या गळक्या छपराबद्दल बोलणार कोण?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरली. शिकवणाऱ्या ताईंना मात्र वेतन नाही, मानधनच मिळतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटीचीही मागणी होती. ती रास्तच आहे. तिच्या जोडीला आणखी एक हवं: सकाळचे दोन तास फक्त गोलात बसलेल्या मुलांचे. वजन, नोंदी, मोबाईल सगळं त्यानंतर.