सहा कोंबड्यांचा संसार

मराठीच्या प्राध्यापकाने कोंबड्या पाळाव्यात, ही गोष्ट आमच्या ओळखीच्या मंडळींना अजून पचलेली नाही. "सर, गाय पाळली असती तर शोभलं असतं," असे एका सहकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितले. पण माहूरला आमच्या घरामागे परस आहे तो पंधरा हातांचा. त्यात गाय मावली तरी तिचा चारा मावायचा नाही! शिवाय घरात वाढत्या वयाची दोन मुले, आणि दोघांनाही अंडे प्रिय.

आई अंडे खात नाहीत. त्यांनी दोनच अटी घातल्या : अंड्याचा तवा वेगळा हवा, आणि कोंबडी माजघरात येता कामा नये. पहिली अट आम्ही कसोशीने पाळतो. दुसरी अट कोंबड्यांना मान्य नाही.

आमच्याकडे चार कोंबड्या ग्रामप्रिया जातीच्या आहेत आणि दोन गावरान. एक कोंबडा आहे. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागतो, असा शहरातल्या सुशिक्षित घरांतही समज आढळतो. तो खरा नाही. कोंबड्यावाचूनही कोंबडी अंडी देते, फक्त त्यांतून पिलू निघत नाही. कोंबडा हवा तो पिलांसाठी. त्याच्या पहाटेच्या आरवण्याला शेजाऱ्यांची संमती आधी घ्यावी, हे उत्तम.

ग्रामप्रिया ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केली. ती तपकिरी अंडी देते आणि परसात वर्षाकाठी दीडशेच्या पुढे जाते. गावरान कोंबडी साठ-सत्तरवर थांबते. मात्र खुडूक होऊन एकवीस दिवस निष्ठेने अंड्यांवर बसावे ते गावरान कोंबडीनेच! आणि घारीची सावली दिसताच पिलांना पंखांखाली घ्यावे, तेही तिनेच. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते खरी. पण तिला मापून दिलेले खाद्य आणि सांभाळलेला उजेड लागतो. परसातल्या मोकळ्या जगण्याला ती तितकी धार्जिणी नाही.

आता हिशोब पाहू. कारण मध्यमवर्गीय माणूस हिशोबाशिवाय छंदही करीत नाही. एका मोठ्या पक्ष्याला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाद्य लागते. सात पक्ष्यांचे वर्षाला सुमारे अडीच क्विंटल झाले. अंडी मिळतात साडेसातशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला सरासरी दोन. सगळे खाद्य विकत आणले, तर दुकानातले अंडे स्वस्त पडेल! परसातल्या कोंबडीचे गणित जमते ते खरकटे, भाजीची देठे, निवडलेल्या धान्यातली कणी, वाळवी आणि किडे यांवर. शिवाय खुराड्यातले खत आमच्या वांग्यांना आणि कढीपत्त्याला मिळते, ते निराळेच.

ही सरासरीही बारा महिने सारखी नसते. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. कोंबडी पिसे गाळू लागली की काही आठवडे बंदच. आमच्या भागातला मे महिना तर पक्ष्यांच्या जिवावर उठतो. चोची वासून त्या धापा टाकतात. त्या दिवसांत सावली आणि दिवसातून तीनदा बदललेले गार पाणी हेच औषध. कवच पातळ येऊ लागले, तर खाद्यात शिंपल्यांचा चुरा द्यावा. एका कवचासाठी कोंबडी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्च करते.

खुराडे जमिनीपासून हातभर उंच, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. जाळी बारीक हवी, कारण मुंगूस हा प्राणी कल्पनेपेक्षा बारीक फटीतून आत जातो. तळाशी भाताचे तूस पसरावे आणि ते कोरडे ठेवावे. संध्याकाळी कोंबड्या आपणहून आत येतात; दार लावण्याचे काम मात्र माणसाचे. ते रोजचे आहे. त्याला रविवार नाही, लग्नसराई नाही, दिवाळीची सुट्टीही नाही. आम्ही गावाला निघालो की, "कोंबड्यांकडे कोण बघणार?" हा प्रश्न तिकिटांच्या आधी सोडवावा लागतो. त्यातून फटाक्यांच्या आवाजाने पक्षी बिथरतात. म्हणून आमच्या परसात फुलबाज्याच.

गावरान कोंबड्या आम्हांला जवळच्या पाड्यावरच्या एका मावशींनी दिल्या. त्यांच्याकडे दहा-बारा पक्षी आहेत. माहूर-किनवटच्या या डोंगरी भागात अशी कोंबडी म्हणजे बाईमाणसाची स्वतःची पुंजी. पोराच्या वह्या, दवाखान्याची वाट, पाहुण्याचे जेवण हे सारे तिच्यातून निघते. मावशी म्हणाल्या, "सर, तुमची कोंबडी मेली तर तुम्ही दुकानातून अंडी आणताल. माझी मेली तर मी काय इकू?" परसातल्या कोंबडीची जबाबदारी म्हणजे काय, ते मला या एका वाक्याने कळले.

कारण कोंबडीचा रोग कुंपण जाणत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका पाड्याचे सगळे पक्षी आठवड्यात नेऊ शकतो. त्याची लस पिलू पाच ते सात दिवसांचे असताना नाकाडोळ्यांत थेंब टाकून देतात. पुढची मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. एका कुपीत शेकडो पक्ष्यांची लस असते आणि ती उघडल्यावर टिकत नाही. म्हणून आम्ही व पाड्यावरची घरे मिळून एकाच दिवशी लस देतो.

बर्ड फ्लूची गोष्ट याहून कठीण. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तो आला, तेव्हा देशाने तो प्रथम पाहिला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या आणि एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मरून पडू लागले, तेव्हा आमच्याही घरी बोलणे झाले. सौभाग्यवतींनी विचारले, "आपल्याच घरची पहिली कोंबडी मेली तर?" उत्तर सोपे नव्हते. दवाखान्यात कळवले, तर आपले सातही जातील आणि मावशींचे दहा-बाराही. लपवले, तर रोग पाड्यापाड्यांतून फिरेल. शिवाय सरकारी भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे उशीर झाला तर मावशींच्या पदरात काहीच पडायचे नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही! घरात ठरले : मेलेला पक्षी हातात घ्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही, त्याच दिवशी कळवायचे. मावशींनाही हे आधीच सांगून ठेवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पहिलं मला सांगा, मंग दवाखान्याला." तसे कबूल केले. सुदैवाने ती वेळ आली नाही.

ज्यांच्या मागेपुढे थोडी मोकळी जागा आहे, त्यांनी चार कोंबड्यांपासून आरंभ करावा. सात-आठ आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात, एका दिवसाची पिले नकोत. शहराच्या नियमांची चौकशी आधी करावी. आणि मोठा नफा सांगणाऱ्या योजनांपासून दूर राहावे. 2019 साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. परसातली कोंबडी श्रीमंत करीत नाही. ती रोज एक-दोन ताजी अंडी देते, मुलांना वेळेवर दार लावायला शिकवते आणि आपले सुख शेजाऱ्याच्या सुखाशी बांधून टाकते. दिवाळीच्या फराळानंतर विचार करण्याजोगा हा सौदा आहे.