तीन गाड्या पुरेत, पण तिन्ही चालत्या हव्यात

वाढदिवस, सहावीचा निकाल आणि वर्षअखेरीचा बोनस ही आपल्या बेटावर खेळणी विकत घेण्याची तीन ठरलेली निमित्ते. या निमित्तांनी घरात येणाऱ्या वस्तूंत रिमोटची गाडी, म्हणजे रेडिओलहरींच्या साह्याने दुरून चालवता येणारी मोटारीची छोटी प्रतिकृती, वारंवार दिसते. तिचे पुढे काय होते तेही आपण पाहतो. पहिला आठवडा ती अंगणात धावते. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर आदळून तिच्या पुढच्या चाकाचा दांडा मोडतो. तिसऱ्या आठवड्यात ती कपाटावर जाऊन बसते आणि पुढच्या निमित्ताला तिच्या शेजारी दुसरी येते. अशा चार-पाच गाड्या ज्या घरात आहेत, तिथे संग्रह आहे, पण खेळ नाही.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. बोनसचा पैसा कष्टाचा असतो, हे खरेच. पण मोडलेली गाडी कपाटावर ठेवून नवी आणली की मूल त्यातून एक धडा घेते: मोडलेली वस्तू टाकून द्यायची असते. वर्गात आम्ही शिक्षक कितीही सांगितले, तरी घरातला हा धडा अधिक पक्का बसतो. म्हणून ज्यांना चालवण्यासाठी गाड्यांचा छोटासा संग्रह करायचा आहे, त्यांनी तो कसा निवडावा याचा येथे थोडा विचार करू. हा छंद मुलांचा जितका, तितकाच वडीलधाऱ्यांचाही आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, "किती वेगाने धावते?" खरे तर पहिला प्रश्न असावा, "आपण ती कुठे चालवणार?" साधे गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. आपले अंगण १४ मीटर लांब असेल, तर अशी गाडी या टोकाहून त्या टोकाला एका सेकंदात पोहोचते. चालवणाऱ्याने वळवायचे कधी? ताशी २० किलोमीटरच्या गाडीला तेच अंतर कापायला अडीच सेकंद लागतात, आणि अडीच सेकंदांत दहा वर्षांचे मूलही वळण घ्यायला शिकते. शिवाय वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो. आज ताशी ९० किलोमीटरहून अधिक वेगाची जाहिरात असलेल्या गाड्याही मिळतात. त्या मोठ्या मोकळ्या मैदानासाठी आहेत, आंब्याच्या झाडाखालच्या अंगणासाठी नाहीत.

आता आपल्या बेटावरची जमीन पाहू. आपल्याला तीन प्रकारच्या जागा मिळतात. पहिली घरामागची माती आणि गवत. दुसरी डांबराची किंवा सिमेंटची सपाट जागा, जसे रविवारी रिकामे असलेले शाळेचे आवार. तिसरी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची जागा. उसाची शेते साफ करताना आपल्या पूर्वजांनी जे दगड उचलून ढीग रचले, ते ढीग आजही शेतांच्या कडेला उभे आहेत. तीन जागा, तीन गाड्या. चौथीची घाई नको.

समुद्रकिनारा मी मुद्दामच वगळला आहे. फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवर गाडी पळवायचा मोह कोणालाही होईल. परंतु आपली वाळू प्रवाळाची आहे. तिचा बारीक चुरा दातेरी चाकांत शिरून ती झिजवतो, आणि खारे पाणी बेअरिंग व मोटर गंजवते. एका दुपारच्या हौसेपायी महिनाभराची दुरुस्ती मागे लागते.

मातीसाठी साधी बग्गी निवडावी. येथे जपानमधील शिझुओका शहरातील तामिया या कंपनीचे उदाहरण घेते, कारण तिच्या गाड्यांचा इतिहास सर्वज्ञात आहे; त्याच जातीच्या गाड्या इतर कारखानदारही करतात. तामियाने आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी १९७६ साली काढली. ती पोर्श ९३४ ची १/१२ मापाची प्रतिकृती होती. १९८४ साली तिने 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' या दोन बग्ग्या काढल्या. मागच्या दोन चाकांना गती, थोडे भाग आणि टबासारखी मजबूत बैठक अशी त्यांची रचना आहे. पुढे हॉर्नेट २००४ साली आणि ग्रासहॉपर २००५ साली पुन्हा बाजारात आली. जुनी रचना पुन्हा निघाली की तिचे सुटे भागही पुन्हा निघतात, हा बेटावर राहणाऱ्यांसाठी मोठा फायदा. ग्रासहॉपरच्या किटमध्ये ३८० नावाची लहान मोटर येते. तिचा वेग कमी असतो, म्हणून नवशिक्यासाठी तीच बरी. हात बसल्यावर हॉर्नेटमध्ये असते तशी ५४० मोटर त्याच जागी बसवता येते.

डांबरासाठी लहान बांध्याची मोटार घ्यावी. तामियाने १९९४ साली मिनी कूपरच्या प्रतिकृतीपासून 'एम' नावाची छोट्या गाड्यांची मालिका सुरू केली. त्या पहिल्या गाडीत मोटर पुढच्या चाकांना फिरवते. अशी गाडी वळणावर मागून सहसा घसरत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचा धीर टिकतो. वाक्वा-क्युरपीपकडे राहणाऱ्यांनी पाऊस लक्षात ठेवावा. तिकडे जमीन ओली राहते, म्हणून त्यांनी आधी बग्गी घ्यावी आणि मोटार नंतर. पश्चिमेच्या कोरड्या भागात हा क्रम उलटा केला तरी चालेल.

दगडांसाठी सावकाश चढणारी चारचाकी गाडी, जिला क्रॉलर म्हणतात. तामियाची २०१९ सालची 'सीसी-०२' ही चढणाऱ्या गाड्यांच्या जातीची आहे: शिडीसारखा सांगाडा, चारही चाकांना गती आणि पुढे-मागे अखंड आस. हिचा वेग माणसाच्या चालीच्या जवळपास ठेवता येतो. म्हणून घरातील सर्वांत लहान मूल आणि सर्वांत मोठी आजी या दोघांच्याही हाती हीच गाडी प्रथम द्यावी. कोणता दगड चढायचा, चाक कुठे टेकवायचे, हा तिचा खेळ. पाच मीटरची जागा अर्धा तास पुरते. दगडांचे ढीग ज्याच्या शेतात आहेत त्याची परवानगी मात्र आधी घ्यावी. ऊस उंच वाढलेला असताना आत शिरू नये. तिथे गाडीही दिसत नाही आणि मूलही दिसत नाही.

तीन गाड्या वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांचे सामान एकच असावे. छोट्या संग्रहाचे खरे शहाणपण इथे आहे. बॅटरीचे माप आणि तिचा प्लग तिन्ही गाड्यांत सारखा ठेवावा, म्हणजे दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर यांवर सारे घर खेळते. हातातला ट्रान्समीटर अनेक गाड्यांची नोंद ठेवणारा घ्यावा, म्हणजे प्रत्येक गाडीत फक्त रिसीव्हर बसवावा लागतो. पूर्वीच्या २७ मेगाहर्ट्झच्या संचांत एकाच क्रिस्टलवरच्या दोन गाड्या एकत्र चालवता येत नसत. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत ती अडचण उरलेली नाही, त्यामुळे भावंडे शर्यत लावू शकतात. जपानी स्क्रूंची खाच आपल्याकडच्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा थोडी वेगळी असते. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर खाच खाऊन टाकतो, म्हणून जपानी मापाचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर गाडीबरोबरच मागवावा.

बॅटरीबाबत पालकांनी स्वतः लक्ष घालावे. सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मुलांसाठी पुरेशी आणि तुलनेने सोशिक असते. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सरासरी ९ अँपिअर प्रवाहाने २० मिनिटे चालते. ३ अँपिअरच्या चार्जरवर ती भरायला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोमदार असते, पण फुगली, टोचली गेली किंवा जास्त भरली तर पेट घेऊ शकते. तिच्या एका सेलचे व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नये, आणि ठेवून द्यायची असेल तर दर सेलला ३.८ च्या आसपास ठेवावे. ती फरशीवर, आपल्या डोळ्यांसमोर चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये आणि उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. आणखी एक गोष्ट: १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि लिथियम-पॉलिमर ही त्याच कुळातली. त्यामुळे बॅटरी बाहेरून मागवण्याआधी ती बेटावरच मिळते का, हे पाहावे.

तयार गाडी घ्यावी की जोडायचे किट? माझे मत किटच्या बाजूने आहे. तामियाच्या माहितीपुस्तिकेत चित्रांसोबत इंग्रजी आणि फ्रेंच मजकूरही असतो, म्हणजे आपल्या मुलांना ती वाचताना अडत नाही. जोडायला काही संध्याकाळी लागतात. त्या संध्याकाळीच मूल गाडीची मालकी मिळवते, कारण जे आपल्या हाताने बसवले ते मोडले तर आपल्या हाताने काढता येते. आमच्या शाळेत एका मुलीने असे किट जोडताना विचारले होते, "वळताना बाहेरचे चाक जास्त का फिरते?" मी दोन मुलांना हात धरून वर्तुळात चालायला लावले. बाहेरच्या मुलाला धावावे लागले, आणि डिफरन्शियल म्हणजे काय ते सगळ्या वर्गाला कळले. तयार गाडी पेटीतून काढली असती, तर हा प्रश्न आलाच नसता.

पूर्वी सार्डिनच्या रिकाम्या डब्याला बाटल्यांची झाकणे चाके म्हणून लावून आपल्या बेटावरची मुले गाड्या करीत. त्या गाड्यांना मोटर नव्हती, पण एक गुण होता: मोडली की करणाराच ती दुरुस्त करी. तो गुण आजच्या गाडीत आणता येतो. त्यासाठी गाडीबरोबर काही सुटे भाग घेऊन ठेवावेत: पुढच्या चाकाचे दोन दांडे, एक जादा पिनियन, थोडे स्क्रू आणि ग्रीस. टपालाने भाग यायला आठवडे लागतात, आणि तेवढ्यात मुलाचा उत्साह आटतो. अनेक किटांत बेअरिंगच्या जागी साधे बुश येतात. धुळीत ते लवकर झिजतात, म्हणून पहिली सुधारणा वेगवान मोटरची न करता बेअरिंगची करावी. पिनियन आणि मोठे दातेरी चाक यांच्यात साध्या कागदाची एक पट्टी धरून मोटर घट्ट करावी आणि मग पट्टी फिरवून काढावी. तेवढी फट राहिली की दात टिकतात.

काही गोष्टी टाळाव्यात. मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारी इंजिनाची गाडी आवाजाने शेजाऱ्यांची दुपार घालवते, आणि तिचे इंधन मुलांच्या हाती देण्यासारखे नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतीही गाडी चालवू नये. जुनी गाडी घ्यायची झाल्यास चाके हाताने फिरवून पाहावीत, दातेरी चाकांचा खरखर आवाज ऐकावा, आणि तिचे भाग अजून मिळतात का याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिन्ही गाड्या एकदम घेण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी एक गाडी, ट्रान्समीटर आणि चार्जर. दुसऱ्या वर्षी दुसरी गाडी, तीही पहिली चालती असेल तरच. हा नियम घरात स्पष्ट सांगावा आणि पाळावा. तिसरीसाठीही तोच नियम. मग मूल नव्या गाडीच्या आशेने का होईना, जुनी दुरुस्त करायला बसेल. बसता बसता त्याला दुरुस्तीचीच गोडी लागते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी येत्या रविवारी आपले अंगण पावलांनी मोजा. मोठ्या माणसाचे पाऊल साधारण पाऊण मीटरचे असते. पावले किती झाली, जमीन कोणती, पाऊस किती, हे एका कागदावर मुलांकडूनच लिहून घ्या. कोणती गाडी घ्यायची, ते त्या कागदावरून ठरवता येईल.