एक्स्प्लेनर : बदलायचा होता एकच कॉलम, मग बाकीची माहिती कुठे गेली?

सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. 'एसवायएनबी'ने सुरू होणारे तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. ज्या ऑफिसांतून या खात्यांत पगार जमा होत होता, तिथे नोंदी बदलणं आलंच. अशा वेळी टेबलमधला एकच कॉलम भरताना काय चुकू शकतं, ते समजून घेऊ.

नेमकी अडचण काय?

समजा, पगाराच्या टेबलमध्ये चार कॉलम आहेत : कर्मचारी क्रमांक, नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी. हाती आलेल्या फाइलमध्ये मात्र दोनच आहेत, कर्मचारी क्रमांक आणि नवा कोड.

माहिती का पुसली जाते?

'इन्सर्ट' कमांड नवी रो तयार करते, जुन्या रोमधला रकाना भरत नाही. जे कॉलम दिले नाहीत, तिथे डीफॉल्ट किंवा 'नल' बसतं. मायएसक्यूएलमधली 'रिप्लेस' आणखी फसवी. नावावरून वाटतं, दिलेलाच कॉलम बदलेल. प्रत्यक्षात ती त्या क्रमांकाची जुनी रो काढून टाकते आणि नवी घालते. नवा कोड जागेवर, पण खाते क्रमांक गायब! तो कॉलम रिकामा ठेवायची मुभा असेल, तर एररही येत नाही. चूक कळते ती थेट पगाराच्या दिवशी.

योग्य पद्धत कोणती?

१. आधी बॅकअप घ्या. फाइल थेट मूळ टेबलमध्ये न टाकता तात्पुरत्या टेबलमध्ये घ्या. याला स्टेजिंग टेबल म्हणतात.

२. तिथे तपासणी करा. आयएफएससी ११ अक्षरांचाच हवा. पाचव्या जागी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे. एकच कर्मचारी क्रमांक दोनदा आलाय का, तेही पाहा.

३. दोन्ही टेबल कर्मचारी क्रमांकावर जोडून 'अपडेट' करा. नावावर जोडू नका. एकाच नावाचे दोघे असू शकतात.

४. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये करा. फाइलमध्ये ५०० नोंदी आणि जुळल्या ४९७, तर 'कमिट' नको, 'रोलबॅक' करा. आधी ते तिघे शोधा.

एकेक कॉलम वेगळा भरावा का?

शक्यतो नको. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक अपडेटला त्या रोची नवी प्रत लिहितं. पाच कॉलम पाच फेऱ्यांत भरले, तर एका रोच्या पाच नव्या प्रती. त्यापेक्षा सगळे कॉलम स्टेजिंगमध्ये गोळा करा आणि एकदाच अपडेट करा.

आणि 'कमिट'आधी एक शेवटची खात्री : ज्या कॉलमना हात लावायचाच नव्हता, त्यांतले 'नल' आधी किती होते आणि आता किती आहेत, ते मोजा. आकडा वाढला असेल, तर तिथेच थांबा.