खोलीचा स्वर

व्याख्यान सुरू होण्याआधी सभागृहात जी कर्कश शिट्टी उठते, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कोणीतरी धावत जाऊन माइकवर हात ठेवतो आणि बहुधा ती वाढतेच! पण ती शिट्टी अमुक एका सुरातच का उठते? माइकने टिपलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून येतो व पुन्हा माइकमध्ये शिरतो. या चक्रात कोणता सूर तगेल हे ती यंत्रे, त्यांच्या जागा आणि ते दालन मिळून ठरवतात.

प्रत्येक बंद जागेचे काही लाडके सूर असतात. पाच मीटर लांबीच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये ध्वनीची अर्धी लाट नेमकी बसते, ती सेकंदाला सुमारे 34 कंपनांची. मग तिच्या दुप्पट, तिप्पट. रुंदी आणि उंचीचे हिशेब निराळे. न्हाणीघरात गुणगुणताना एखादा सूर एकदम भरून येतो तो यामुळेच. शास्त्रात याला संस्पंदन म्हणतात.

अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसिअर (1931–2021) यांनी 1969 साली एवढ्याच गोष्टीवर एक रचना उभी केली. खोलीत बसून त्यांनी काही वाक्ये ध्वनिमुद्रित केली, ती त्याच खोलीत वाजवून दुसऱ्या यंत्रावर टिपली, ती टिपलेली पुन्हा वाजवली. 1980च्या मुद्रणात अशा 32 आवृत्त्या असून ते सुमारे पाऊण तास चालते. आधी आवाज थोडा लांबून आल्यासारखा वाटतो. मग व्यंजने पुसट होतात, शब्द विरतात, आणि शेवटी घंटानादासारखे लांबलेले सूर उरतात. बोलण्याची लय तेवढी जाणवत राहते.

गणित साधे आहे. एखादा सूर दर फेरीला शेजारच्या सुरापेक्षा केवळ दहा टक्के अधिक उचलला गेला, तर 32 फेऱ्यांनी तो 21 पट होतो. विजापूरच्या गोलघुमटात आपलाच शब्द परत येतो, तो प्रतिध्वनी. इथे शब्द जातो आणि खोली उरते.

लुसिअर बोलताना अडखळत असत. आपल्या उच्चारातील खाचखळगे ही खोली गुळगुळीत करील, असे ते त्या निवेदनातच सांगतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी अडखळतात. मला ही रचना प्रयोगाहून मोठी वाटते ती इथे. या कल्पनेचे बीज त्यांना मिळाले स्पीकर तपासण्याच्या एका पद्धतीत. ती ज्यांच्याकडून आली ते अमर बोस एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव.

पुढे लुसिअर हेच श्रोत्यांसमोर करू लागले. त्यांचे विद्यार्थी निकोलस कॉलिन्स यांनी 1974मध्ये त्या शिट्टीलाच वाद्य केले. सूर चढू लागला की एक विद्युत मंडल लाटेची कला किंचित सरकवते. तो सूर ओसरतो, दालनाचा दुसरा सूर उठतो, आणि हळूहळू स्वरावली गुंफली जाते. कॉलिन्स तिला वास्तूचा राग म्हणतात. आपल्या कानांना हे थोडे सैल वाटेल, कारण नुसत्या स्वरांनी राग होत नाही; पण वादीसारखा एखादा सूर वारंवार परतून येतो खरा.

अशा प्रयोगाची तालीम मात्र फसवी असते. दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेले संध्याकाळी तसेच राहत नाही. माणसे येऊन बसतात, त्यांची अंगे आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, आणि सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते.